नव्या पॉइंट टू-टू बॅरलसाठी बोअर गाइड, अखंड रॉड आणि फेल्ट: नऊ महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं लहानसं मशिन शॉप आहे. दोन लेथ, सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचं एक होनिंग मशिन, एक ड्रिल. तीस वर्षं सिलिंडरच्या बोअरमध्ये डोळा घालून काढली, त्यामुळे गोल भोक आतून कसं असावं याबद्दल माझं मत ठाम आहे. गेल्या वर्षी मुलीची पॉइंट टू-टूची (०.२२ इंच बोअरची) नवी नेमबाजीची रायफल आली, जर्मन आन्शुट्झ कंपनीची, आणि तिच्याबरोबर बॅरल साफ करायचा संच घ्यायची वेळ आली. पहिला संच चुकीचा घेतला. दुसरा बरोबर निघाला, त्याला आता नऊ महिने होऊन गेले आणि या बॅरलमधून तीन हजारांवर गोळ्या गेल्या आहेत. एअर रायफलवरून पन्नास मीटरकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय, कारण मला त्या वेळी मराठीत कुणी नीट सांगितलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

आमच्याकडे नेमबाजी घराघरांत माहीत आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं पिस्तूलमध्ये नाव काढलं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार, थोडक्यात थ्री पी) ब्राँझ मिळवलं तेव्हा मी दुपारी दोन्ही लेथ बंद करून कामगारांबरोबर मोबाइल बघत उभा होतो. पोरगी तेव्हा एअर रायफल मारत होती. त्या संध्याकाळी घरी आली ती एकच वाक्य बोलली, "पप्पा, मला थ्री पी करायचंय." पुढची लायसन्सची, कागदपत्रांची धावपळ ज्यानं त्यानं आपापली करायची असते, ती इथं सांगत बसत नाही.

आधी पहिल्या संचाचं सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे संच बरेच जण विकतात आणि सगळे दिसायला सारखेच. प्लॅस्टिकच्या डबीत अॅल्युमिनियमच्या रॉडचे तीन तुकडे, एकमेकांत स्क्रूनं फिरवून जोडायचे. चिंधी धरायला रॉडच्या टोकाला लावायचा एक पितळी जॅग, एक ब्रश, एक बाटली. स्वस्त होता, डबी हातात छान बसत होती, आणि मी घेतला. नवी रायफल कारखान्यातून येते तेव्हा बॅरलच्या आत गंज लागू नये म्हणून तेल-ग्रीसचा थर असतो. तो काढल्याशिवाय पहिली गोळी मारायची नाही, एवढं कोच सरांनी बजावलं होतं. मी जुन्या बनियनची चौकोनी चिंधी कापली, जॅगवर घातली आणि चेंबरकडून, म्हणजे मागे गोळी भरतात त्या बाजूनं, आत ढकलली. आठ-नऊ इंच गेल्यावर अडकली.

तिथं थांबायला हवं होतं. मी जोर लावला. अॅल्युमिनियमचे आटे गेले, रॉड हातात आला आणि जॅग, चिंधी आणि रॉडचा पुढचा तुकडा आत राहिला. नव्या बॅरलमध्ये. एकही गोळी न मारलेल्या.

दोष चिंधीच्या जाडीचा आणि माझ्या घाईचा, हे मी मान्य करतो. पण जोडाचा रॉड नसता तर चिंधी जशी गेली तशी परत ओढता आली असती, हेही तितकंच खरं. पोरगी शेजारी उभी होती, काही बोलली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. रायफल मझल (बॅरलचं पुढचं तोंड) वर करून कपाटाला टेकवून उभी केली, वरून तेलाचे थेंब सोडले आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी शॉपमध्ये जाऊन डेलरिन या कडक प्लॅस्टिकचा बुश लेथवर कातला. बाहेरून तो बॅरलच्या तोंडावर टोपीसारखा घट्ट बसेल असा आणि मधोमध पाच मिलिमीटरचं सरळ भोक. चार मिलिमीटरची पितळी सळई घेतली, टोकाची धार मोडली, तिच्यावर श्रिंक स्लीव्ह चढवली. बुशातून सळई आत घालून मझलकडून चेंबरकडे हळूहळू, हाताच्या तळव्यानं थोपटत, अडकलेलं मागे सारलं. चिंधी तेल पिऊन मऊ झाली होती. दुसऱ्या रात्री सगळं बाहेर आलं.

बुश कशाला, असं कुणी विचारेल. बॅरलच्या तोंडाची जी आतली कड असते तिला क्राउन म्हणतात. गोळी बॅरल सोडताना शेवटची तिला शिवते. ती कड एका बाजूनं जरा जरी घासली, तरी मागून सुटणारा गॅस एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. पन्नास मीटरवरच्या टार्गेटची दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आहे. आपल्या करंगळीचं नख त्याहून फार लहान नसतं. तिथं क्राउनवरचा एक ओरखडा पोरीचं वर्षभराचं कष्ट खाऊ शकतो. म्हणून सफाई नेहमी चेंबरकडून मझलकडे, उलटी कधीच नाही. माझं ते एकदाचं उलटं काम नाइलाजाचं होतं आणि म्हणूनच बुश कातून केलं.

आता दुसरा संच. हा मी एकदम न घेता एकेक वस्तू बघून जमवला: अखंड रॉड, बोअर गाइड, व्हीएफजी कंपनीचे लोकरीचे फेल्ट आणि बॅलिस्टॉल तेल. सगळं मिळून खर्च मुलीच्या महिन्याभराच्या गोळ्यांइतका आला. त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती असं विचाराल तर मी डोळे मिटून बोअर गाइड म्हणेन. बाटल्या, ब्रश, फवारे सगळं नंतर.

बोअर गाइड म्हणजे एक नळी. रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढायचा आणि त्याच्या जागी ही नळी सरकवायची. पुढचं निमुळतं टोक चेंबरमध्ये बसतं, तिथं रबराची एक ओ-रिंग असते. रॉड या नळीतून आत जातो, त्यामुळे तो बरोबर बॅरलच्या मध्यरेषेवरून चालतो. नळी नसेल तर काय होतं हे मी एकदा बघितलंय, क्लबच्या एका जुन्या रायफलवर. माणूस रॉड ढकलतो तेव्हा हात थोडा खाली जातो, रॉडला बाक येतो आणि बाकाचा पोटाचा भाग चेंबरच्या पुढच्या कडेवर, जिथून रायफलिंग (गोळीला फिरवणारे बॅरलच्या आतले पिळाचे आटे) सुरू होतं तिथं, घासत जातो. गोळी जिथं पहिल्यांदा आट्यांत शिरते तीच ही जागा. ओ-रिंगचं काम म्हणजे सॉल्व्हंट (घाण विरघळवायचं द्रव) मागे येऊ न देणं. मॅच रायफलचा ट्रिगर फार नाजूक. त्यात सॉल्व्हंट आणि काजळी मिळून उतरली की ती चिकट होते आणि ट्रिगरची ओढ बदलते. हे कळायला महिने लागतात आणि तोवर मुलं स्वतःच्या बोटाला दोष देत बसतात.

एक सावधगिरी. गाइड तुमच्या रायफलच्या मॉडेलसाठीच बनवलेला घ्या. "सगळ्या पॉइंट टू-टूना चालतो" असा एक मी आधी मागवून बघितला, वर्निअर लावला तर रिसिव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या घरात, चारशे मायक्रॉन सैल. इतका सैल बुश मी माझ्या शॉपमध्ये ग्राहकाला दिला तर तो परत फेकून मारेल. तो परत पाठवला. आता आहे तो बोल्टासारखा सरकतो, हाताला कुठं खडखडत नाही.

रॉडबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण इथं माझा धंदा कामी येतो. लोकांना वाटतं अॅल्युमिनियम मऊ, बॅरलचं पोलाद कडक, म्हणजे अॅल्युमिनियमचा रॉड सुरक्षित. ज्यानं लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून धातू बारीक घासायचं काम, केलंय त्याला हे उलटं आहे हे लगेच कळेल. लॅपिंग करताना आपण लॅप, म्हणजे घासायचं हत्यार, मुद्दाम मऊ धातूचा घेतो. पेस्टमधला ग्रिट (खरखरीत कण) त्या मऊ धातूत रुतून बसतो आणि कडक जॉबला कापतो. मऊ लॅप कमी झिजतो, कडक जॉब जास्त. चांगले बॅरल बनवणारेही हेच करतात, बोअरमध्ये शिसं ओतून त्याचा लॅप करतात आणि तो पेस्ट लावून आतून हातानं पुढेमागे चालवतात. मग मऊ अॅल्युमिनियमचा रॉड, त्यावर टेबलावरची धूळ, काजळीचे कण, आणि तो आठवड्यातून दोनदा बॅरलमधून ये-जा करतोय, याला काय म्हणायचं? आपण घरबसल्या बॅरल लॅप करतोय, तेही वाकडं. जोडाच्या रॉडमध्ये प्रत्येक जोडावर बारीक कड असते, ती वेगळीच.

म्हणून रॉड अखंड हवा, आणि एकतर गुळगुळीत पोलादाचा किंवा वरून प्लॅस्टिकचा थर दिलेला. मी थर दिलेला घेतला. थरातही कण रुतू शकतात, हे खरं, म्हणून दर वेळी आत घालण्याआधी आणि बाहेर आल्यावर तो स्वच्छ कापडानं पुसायचा. शॉपमधलं कॉटन वेस्ट याला अजिबात वापरू नका, त्यात चिप्स (धातूचा कीस) असतात. हा नियम मी माझ्या दोन्ही कामगारांना सांगितलाय, कारण एकदा एकानं मदत म्हणून रॉड पुसून दिला होता.

रॉड आट्यांबरोबर मोकळा फिरावा म्हणून त्याच्या मुठीत बेअरिंग असणं गरजेचं आहे. पॉइंट टू-टूच्या रायफलिंगला साधारण सोळा इंचांत एक पीळ असतो. आमचं बॅरल सव्वादोन फुटांचं, म्हणजे रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना पावणेदोनच्या जरा आत फेरे व्हायला हवेत. मी रॉडच्या मागच्या भागावर मार्करनं रेघ ओढली आणि फेल्ट लावून ढकलला. रेघ आधी माझ्याकडे होती, मग भिंतीकडे वळली, खाली गेली, परत माझ्याकडे आली आणि थांबली तेव्हा पुन्हा अर्धवर्तुळ ओलांडून गेली होती. म्हणजे फेल्ट आट्यांच्या खाचांतूनच चाललाय, वरून घसरत नाहीये. पोरीनंही हा प्रयोग करून बघितला आणि त्या दिवसापासून ती स्वतः रॉड हातात घ्यायला लागली. मूठ फिरत नसेल तर एकतर जोड सैल होतात किंवा चिंधी खाचा सोडून उंचवट्यांवरूनच सरकते, आणि शिसं खाचांत तसंच राहतं.

आता बॅरल "ब्रेक-इन" करण्याचा विषय. नवी रायफल घेणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच: एक गोळी मारा, साफ करा, परत एक मारा, साफ करा, असं दहा वेळा, मग पाच-पाचच्या सेटनं, तेव्हा बॅरल बसतं. मलाही हे पहिल्यांदा अगदी बरोबर वाटलं, कारण इंजिनचं तसंच असतं. आम्ही होनिंग करून दिलेलं सिलिंडर रिक्षावाला घेऊन जातो, त्याला सांगतो की पहिले काही दिवस लोड देऊ नको, रिंगा बसू देत. पण जरा बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की इंजिनमध्ये त्याच रिंगा त्याच सिलिंडरवर लाखो वेळा घासतात, दोघं एकमेकांना घडवतात. बॅरलमध्ये गोळी दर वेळी नवी. आणि पॉइंट टू-टूची मॅच गोळी म्हणजे वरून मेण किंवा ग्रीस लावलेलं साधं शिसं, चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. शिसं पोलादाला काय घडवणार?

एक-एक गोळीची ती पद्धत मोठ्या काडतुसांच्या, सेंटरफायर म्हणतात त्या रायफलींची आहे. त्यांच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. चेंबर कापणाऱ्या रीमर या हत्याराच्या आडव्या रेघा बॅरलच्या सुरुवातीला राहिलेल्या असतात, त्या आवरणाचं तांबं खरवडतात आणि ते पुढे बॅरलभर चिकटतं. पॅचवर (सफाईच्या चिंधीवर) निळा-हिरवा रंग येतो तो त्या तांब्याचा. सुरुवातीच्या गोळ्यांनी त्या रेघांची टोकं गुळगुळीत होतात आणि मधे साफ केल्यानं तांब्याचे थर एकावर एक साचत नाहीत, असा त्यामागचा विचार. दाबाचाही फरक बघा: पॉइंट टू-टूसाठी कमाल दाब २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरतात, पॉइंट थ्री-झीरो-एट या सेंटरफायरसाठी ६२,०००. सेंटरफायरवाल्यांतही या पद्धतीवरून दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही. आपल्या शिशाच्या गोळीत मात्र तांबंच नाही, म्हणून अमोनियावाला तांबं काढायचा सॉल्व्हंटही आपल्याला नको. दुकानदार आग्रह करतो, घेऊ नका.

मी सरांना स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, "काका, गोळ्या आपल्याला मोजून मिळतात. वीस-तीस गोळ्या सफाईच्या नावावर घालवू नका. ग्रीस काढा, चेंबर कोरडं करा आणि पोरीला प्रोनमध्ये झोपवा."

तसंच केलं. बोल्ट काढला, चेंबर रिकामं आहे हे आधी मी आणि मग तिनं, दोघांनी डोळ्यांनी बघितलं. पहिला फेल्ट कोरडा ढकलला. मझलमधून बाहेर आला तो पिवळट तपकिरी, हाताला बुळबुळीत. त्यात अर्थात माझ्या तेलाचाही वाटा होता. दुसरा बॅलिस्टॉलमध्ये भिजवून, तिसरा कोरडा, चौथा कोरडा. चौथा दुधासारखा पांढरा निघाला. मग पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाऊन पन्नास मीटरवर पहिल्या दहा गोळ्या. पहिल्या तीन नऊच्या रिंगेत वर डावीकडे विखुरल्या, चौथीपासून आत येत गेल्या. दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, मी वर्निअरनं मोजला, बावीस मिलिमीटर. मधे काहीही साफ न करता पुढच्या दहा, सतरा. पन्नासाव्या गोळीनंतरच्या दहा, पंधरा. त्यानंतर बॅरल त्याच आसपास राहिलं.

यात जे "बसलं" ते पोलाद नव्हे, मेण. स्वच्छ कोरड्या बॅरलमध्ये पहिल्या गोळ्यांचं मेण सगळीकडे सारखं पसरेपर्यंत प्रत्येक गोळीला वेगळं घर्षण मिळतं. हे दर सफाईनंतर पुन्हा घडतं, फक्त पहिल्या वेळेपेक्षा लवकर उरकतं. आमच्या बॅरलला आता पाच-सहा गोळ्या पुरतात. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली म्हणून कळली, नाहीतर पोरीनं त्या पाच गोळ्यांसाठी साइटचे क्लिक फिरवले असते आणि मग परत उलटे फिरवत बसली असती. थ्री पोझिशनमध्ये मॅचच्या आधी तयारी आणि साइटिंगसाठी पंधरा मिनिटं मिळतात, त्यात हव्या तेवढ्या साइटर (गुणांत न धरायच्या नेम जुळवायच्या गोळ्या) मारता येतात. त्यामुळे आम्ही मॅचच्या आदल्या संध्याकाळी हलकी सफाई करतो आणि साइटरमध्येच मेण पसरवून घेतो. गोळ्यांचा ब्रँड बदलला तरी हेच, कारण प्रत्येकाचं वंगण वेगळं.

आता फेल्ट. व्हीएफजीचे हे फेल्ट म्हणजे लोकरीच्या दाबलेल्या कापडाचे लहान लहान दंडगोल, मधे भोक. रॉडच्या टोकाला बारीक आट्यांचा पितळी अडॅप्टर, त्यावर तीन फेल्ट ओळीनं चढवायचे. चिंधीच्या तुलनेत याचा मोठा फायदा हा की जाडीचा अंदाज घ्यावा लागत नाही. तीनही एका मापाचे, बॅरलभर एकसारखा दाब. ढकलताना कुठं हात अडला तर तो फेल्टचा दोष नसतो, तिथं बॅरलमध्ये काहीतरी बसलेलं असतं. मला ही गोष्ट फार आवडली, बोअर गेजनं सिलिंडर तपासल्यासारखी. हजारेक गोळ्यांनंतर चेंबरच्या लगेच पुढे, इंचभराच्या आत, फेल्ट जड चालायला लागला. मोबाइलला जोडायच्या बोअरस्कोपनं (बारीक कॅमेऱ्यानं) बघितलं तर तिथं काळं कडक कडं बसलं होतं, काजळी आणि शिसं भाजून एकजीव झालेलं. पुढच्या भागात बॅरलच्या लांबीच्या दिशेनं कारखान्यातल्या लॅपिंगच्या बारीक रेघा स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे तिथं काही करायची गरजच नव्हती. घाण होती ती फक्त त्या इंचभरात.

त्यासाठी त्यांचे दुसऱ्या प्रकारचे फेल्ट येतात, ज्यांत पितळेचे तंतू विणलेले असतात. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं ठेवलं, मग हे तंतूवाले फेल्ट त्या इंचभरातच सात-आठ वेळा हलके पुढेमागे केले आणि मझलमधून बाहेर काढले. फेल्टवर शिशाचे चंदेरी कण चिकटून आले, पापडाच्या चुऱ्याएवढे बारीक. कडं एका बैठकीत गेलं नाही. दोन दिवसांनी परत केलं, तेव्हा गेलं. हे तंतूवाले फेल्ट रोज वापरायचे नाहीत, आमच्याकडे ते हजार गोळ्यांमागे एकदा निघतात. बाकी वेळी साधे.

फेल्टची एक तक्रार आहे. अडॅप्टरचे आटे फार बारीक, आणि मझलमधून बाहेर आल्यावर मळके फेल्ट तिथंच काढून टाकायचे असतात, म्हणजे घाण क्राउनवरून परत आत ओढली जात नाही. ओले फेल्ट अशा वेळी बोटांतून सटकतात. घाईत असलात तर दोन-चार खाली पडणारच. पडलेला परत लावायचा नाही, एका धुळीच्या कणासाठी वरचं लॅपिंगचं पुराण आठवा.

प्रवासासाठी दोरीचा बोअरस्नेक बऱ्याच जणांच्या बॅगेत असतो. आम्हीही एक ठेवलाय. शिबिराला रायफल घेऊन गेलात आणि पाऊस लागला तर आतली ओल काढायला चांगला. पण तीच मळकी दोरी पुन्हा पुन्हा ओढायची आणि ती क्राउनवर एका बाजूला तिरकी घासायची, हे मला पटत नाही. सरळ ओढा आणि घरी आल्यावर साबणानं धुऊन वाळवा.

बॅलिस्टॉल १९०४ पासूनचं जर्मन तेल. वास बडीशेपेच्या बाजूला जाणारा पण उग्र. मला आवडतो, घरात एकट्या मलाच. काम मात्र चोख करतं: काजळी सोडवतं, लाकडाला त्रास देत नाही आणि मागे पातळ थर ठेवून जातं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली की शॉपमधल्या कातलेल्या शाफ्टवर रात्रीत तांबूस डाग येतात. पोरीच्या तळहाताच्या घामानं बोल्टच्या मुठीवर पहिल्याच पावसाळ्यात ठिपका आला. तेव्हापासून रेंजवरून आल्यावर पाच मिनिटांत बाहेरून पुसणं हा तिचा नियम. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवायची नाही, फोम ओल धरून ठेवतो. कुलपाच्या कपाटात उभी, सोबत सिलिका जेल, बोल्ट वेगळा. आत शेवटचा फेल्ट तेलाचा जेमतेम हात फिरवलेला. आणि रेंजवर जायच्या आधी बॅरल आणि चेंबर दोन कोरड्या फेल्टनं पुसून घ्यायचं, ओल्या चेंबरनं गोळी मारायची नाही.

सफाईसाठी रायफल टेबलावर आडवी टाकायची नाही. मी प्लायवूडचे दोन खांब करून त्यांना आतून जाड नमदा लावला. पुढचा खांब मागच्यापेक्षा दोन इंच बुटका, म्हणजे मझल खाली आणि सॉल्व्हंट ट्रिगरकडे वळत नाही. ही जागा गॅलरीत आहे, खाली जुने पेपर. बायकोनं सुरुवातीलाच सांगितलं, जेवायच्या टेबलावर हे काम चालणार नाही, आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या फेल्टवर शिसं असतं. हातमोजे घालायचे, फेल्ट वेगळ्या पिशवीत बांधून टाकायचे, नंतर हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. लहान भावंडं असतील तर जास्तच. ही गोष्ट विकणारा कुणी सांगत नाही.

आता रोजचा क्रम असा बसलाय. दोनशे-अडीचशे गोळ्यांनंतर गाइड लावून तीन फेल्टचा एक ओला सेट, दहा मिनिटं चहा, मग तीन कोरडे सेट, बस. पहिला काळा, दुसरा राखाडी, तिसरा जवळजवळ पांढरा. "जवळजवळ" इथंच थांबायचं. मला सुरुवातीला तिसराही शुभ्र हवा असायचा, होनिंग केलेल्या बोअरसारखा, आणि मी पाच-सहा सेट घालायचो. पोरगी म्हणाली, "पप्पा, बॅरल आहे, सिलिंडर नाही. लई घासू नका." वहीतले आकडे तिच्या बाजूनं निघाले: जास्त घासलेल्या दिवशी ग्रुप जमायला पाचऐवजी बारा-पंधरा गोळ्या लागल्या होत्या. तेव्हापासून घासायचं काम तिच्याकडे आणि वही माझ्याकडे.

हा खर्च सगळ्यांना लगेच जमेल असं नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना टप्प्याटप्प्यानं घ्यायचंय त्यांनी आधी बोअर गाइड आणि अखंड रॉड घ्यावा, फेल्टऐवजी काही महिने नीट मापानं कापलेले सुती पॅच चालवावेत. पॅच मी कापतो ते आधी एका फालतू पितळी नळीत घालून बघतो, बोटाच्या जोरानं गेला तरच बॅरलमध्ये. क्लबमध्ये चार-पाच जणांची एकाच मॉडेलची रायफल असेल तर गाइड आणि रॉड मिळून घेतले तरी चालतील, फक्त पुसायची शिस्त सगळ्यांची एक हवी. गाइडची ओ-रिंग सॉल्व्हंटनं फुगते, आमची सहाव्या महिन्यात फुगली आणि टोक चेंबरमध्ये शिरेना. नवी मागवायची गरज पडली नाही. जुनी खिशात घालून उद्यमनगरातल्या ऑइल सीलच्या दुकानात गेलो, त्यानं वर्निअर लावला आणि नायट्राइल रबराच्या चार काढून दिल्या. तीन अजून डब्यात आहेत.